कोटाआडचे पिस्तूल आणि अधिकाऱ्याची मर्जी

केंटकी राज्याच्या विधिमंडळाने १८१३ साली एक छोटासा कायदा केला. खिशात मावणारे पिस्तूल, खंजीर, मोठा सुरा किंवा काठीत दडवलेली तलवार कोणी लपवून अंगावर बाळगली, तर त्याला किमान शंभर डॉलर दंड. शेतमजुराची ती कित्येक महिन्यांची कमाई. सूट एकच होती. दूरच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला हा कायदा लागू नव्हता, कारण वाटेत लुटारू भेटतात आणि अनोळखी मुलखात मदतीला कोणी येत नाही, हे सर्वांनाच ठाऊक होते. त्याच वर्षी लुइझियानानेही लपवलेल्या हत्यारांवर बंदी घातली. पुढच्या पाव शतकात इंडियाना, जॉर्जिया, व्हर्जिनिया, अलाबामा ही राज्ये त्याच वाटेने गेली. कमरेला उघड लटकवलेल्या हत्याराला मात्र या कायद्यांनी सहसा हात लावला नाही. लढणारा माणूस हत्यार सर्वांना दिसेल असे बाळगतो, लपवून बाळगतो तो दगाबाज, अशी त्या काळच्या दक्षिणेतल्या प्रतिष्ठितांची पक्की समजूत होती आणि लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५० मध्ये तिला आपल्या निकालात जागाही दिली. केंटकीत मात्र वेगळेच घडले. काठीत तलवार घेऊन फिरणाऱ्या एकाला शंभर डॉलर दंड झाला, त्याने अपील केले आणि १८२२ मध्ये न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. राज्याने हार मानली नाही. १८५० च्या नव्या राज्यघटनेत लपवलेल्या हत्यारांवर बंदी घालण्याचा अधिकार विधिमंडळाला स्पष्ट शब्दांत देण्यात आला.

आज दोनशे वर्षांनी चित्र जवळजवळ उलटे झाले आहे. अमेरिकेच्या पन्नासपैकी २९ राज्यांत कायद्याने पात्र असलेल्या सज्ञान नागरिकाला कोटाआड भरलेले पिस्तूल बाळगण्यासाठी कोणत्याही परवान्याची गरज उरलेली नाही, आणि ज्या प्रवाशाला १८१३ च्या कायद्याने सूट दिली होती, तोच आता राज्याची सीमा ओलांडताच कायद्याच्या कचाट्यात सापडतो. ही कथा सहसा स्वातंत्र्य विरुद्ध नियंत्रण अशा दोन गटांच्या भांडणाची म्हणून सांगितली जाते. एका बाजूला शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी घटनेची दुसरी दुरुस्ती आणि नॅशनल रायफल असोसिएशन, दुसऱ्या बाजूला गोळीबारांत मेलेल्यांचे नातेवाईक आणि मोठ्या शहरांचे महापौर. हे भांडण खरेच आहे. पण कायदे आणि निकाल क्रमाने वाचले तर त्याखाली एक जुना वाद सापडतो. कोणता माणूस विश्वासाचा, हे कोणी ठरवायचे, कोणत्या लिखित नियमाने ठरवायचे आणि एकदा ठरवल्यावर पुन्हा कधी तपासायचे, हा तो वाद. अमेरिकेने पहिल्या प्रश्नावर शंभर वर्षे अन्याय केला, दुसऱ्याचे बरे उत्तर उशिरा शोधले आणि तिसऱ्याकडे, म्हणजे नूतनीकरणाकडे, जवळपास पाठच फिरवली. राज्याराज्यांतला आजचा गोंधळ समजून घ्यायचा तर या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागते, असे माझे म्हणणे आहे.

परवान्याची कल्पना जन्मली तीच कृष्णवर्णीयांवरच्या संशयातून. यादवी युद्ध संपले त्याच वर्षी, १८६५ च्या नोव्हेंबरात, मिसिसिपीने मुक्त झालेल्या गुलामांसाठी कायदा केला: काउंटीच्या मंडळाचा परवाना नसेल तर कृष्णवर्णीयाने बंदूक बाळगायची नाही. दंड दहा डॉलरांपर्यंत, आणि जप्त झालेले हत्यार जाणार चुगली करणाऱ्याच्या घरी. गोऱ्यासाठी असा परवाना नव्हता. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर पाळत ठेवावी आणि त्याचे बक्षीस म्हणून त्याचीच बंदूक घ्यावी, इतकी उघड योजना. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने सर्वांना कायद्याचे समान संरक्षण दिले आणि कायद्यात कातडीचा रंग लिहिणे अशक्य झाले. मग रंग कागदावरून उतरला आणि अधिकाऱ्याच्या नजरेत जाऊन बसला. टेनेसीने १८७९ मध्ये आणि आर्कान्सॉने १८८१ मध्ये सैन्यात वापरली जाणारी पिस्तुले सोडून बाकीच्यांवर बंदी आणली. ती पिस्तुले महाग होती, म्हणजे गरिबाच्या हातून हत्यार आपोआप सुटले. फ्लोरिडाने १८९३ मध्ये वारंवार गोळी झाडणाऱ्या रायफलींसाठी काउंटी मंडळाचा परवाना आणि शंभर डॉलरांचा जामीनरोखा सक्तीचा केला आणि पुढे पिस्तुलेही त्यात आणली. या कायद्यात वंशाचा एकही शब्द नाही. तो कशासाठी होता हे १९४१ मध्ये बाहेर आले. मोटारीच्या कप्प्यात पिस्तूल सापडलेल्या एका माणसाचा खटला फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा न्यायमूर्ती ब्युफर्ड यांनी आपल्या स्वतंत्र मतात लिहिले की हा कायदा टर्पेंटाइनच्या आणि लाकूडतोडीच्या छावण्यांतल्या कृष्णवर्णीय मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी होता, गोऱ्यांना तो लागू करायचा हेतूच नव्हता आणि व्यवहारात तो कधी लागूही झाला नाही. कायदा करणाऱ्यांच्या वर्तुळातल्याच माणसाने दिलेली ही साक्ष आहे.

येथे एक आक्षेप येतो आणि त्यात तथ्य आहे. शस्त्रबंदीचा प्रत्येक कायदा वंशद्वेषातून आला असे म्हणणे खोटे ठरेल. पश्चिमेतल्या गुरांच्या आणि खाणींच्या गावांत कडक नियम होते आणि ते सर्वांना होते. अॅरिझोनातल्या टूमस्टोनने १८८१ च्या एप्रिलमध्ये ठराव केला की गावात आलेल्याने आपले हत्यार तबेल्यात, हॉटेलात किंवा गुत्त्यात ठेवूनच रस्त्यावर यायचे. २६ ऑक्टोबर १८८१ ला ओके कोरालजवळ अर्धा मिनिट चाललेली आणि तीन बळी घेणारी चकमक सिनेमांनी अजरामर केली. तिचे एक तात्कालिक कारण हा ठरावच होता, कारण पोलीसप्रमुख व्हर्जिल अर्प समोरच्यांची हत्यारे काढून घ्यायला निघाला होता. तेव्हा नियंत्रण अमेरिकेला परके आहे ही समजूत चुकीची, आणि नियंत्रण म्हणजे वंशद्वेष हीही चुकीची. मात्र टूमस्टोनच्या ठरावात कोणाला निवडायचे नव्हते. जो येईल त्याने हत्यार काढून ठेवायचे, इतकेच. निवड आली की निवडणारा येतो, आणि निवडणाऱ्याला नियम बांधून दिलेला नसला तर त्याची मर्जी हाच कायदा होतो.

ही मर्जी सर्वांत पक्की बसली ती न्यूयॉर्कमध्ये. महापौर विल्यम गेनर यांच्यावर ऑगस्ट १९१० मध्ये गोळी झाडली गेली, जानेवारी १९११ मध्ये कादंबरीकार डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स यांचा भर दुपारी ग्रॅमर्सी पार्कजवळ खून झाला, आणि टॅमनी हॉल या राजकीय यंत्रणेचे बडे पुढारी टिमोथी सुलिव्हान यांनी त्या संतापाच्या लाटेवर आपला कायदा मंजूर करून घेतला. हातात मावणारे कोणतेही हत्यार बाळगायचे तर परवाना हवा, आणि विनापरवाना लपवून बाळगणे हा गंभीर गुन्हा. सप्टेंबरमध्ये पहिली मोठी शिक्षा झाली ती एका इटालियन मजुराला. ब्लॅक हँड या खंडणीखोर टोळीच्या भीतीने पिस्तूल जवळ ठेवले, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्याला सिंग सिंगच्या तुरुंगात एक वर्ष मिळाले. १९१३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अर्जदाराचे चारित्र्य चांगले हवे आणि बाळगण्याला योग्य कारण हवे, अशी अट आली. योग्य कारण म्हणजे काय ते कायद्याने सांगितले नाही. पुढे न्यायालयांनी ठरवले की आजूबाजूच्या सर्वांना जो धोका आहे तो पुरेसा नाही, अर्जदाराला इतरांपेक्षा वेगळा, स्वतःचा असा धोका दाखवता आला पाहिजे. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. धोक्याच्या वस्तीत राहणाऱ्याचा धोका वस्तीतल्या सगळ्यांचाच, म्हणून त्याला परवाना नाही. हिऱ्यांचा व्यापारी, रोकड नेणारा मालक, नामांकित व्यक्ती यांचा धोका वेगळा, म्हणून त्यांना तो मिळू शकतो. मर्जीच्या जागी पैसा शिरायलाही वेळ लागत नाही. न्यूयॉर्क पोलिसांच्या परवाना विभागातल्या अधिकाऱ्यांनी लाच घेऊन परवाने दिल्याचे प्रकरण फेडरल न्यायालयात गेले आणि त्यात गुन्ह्यांच्या कबुल्या झाल्या.

मर्जीचे समर्थन करणारे म्हणतात की अनुभवी पोलीस अधिकाऱ्याला माणूस कळतो, कागदाला कळत नाही. या युक्तिवादाची कसोटी १९५६ मध्ये मॉन्टगोमेरीत लागली. ३० जानेवारीला मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला तेव्हा पत्नी आणि तान्ही मुलगी घरात होती. किंग यांनी अलाबामाच्या कायद्याप्रमाणे पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. त्या राज्यात त्या क्षणी याहून खरी गरज कोणाची असेल असे वाटत नाही, आणि अर्ज फेटाळला गेला. किंग यांनी पुढे शस्त्राचा मार्ग पूर्णपणे सोडला, तो त्यांच्या विचाराने. पण अनुभवी अधिकाऱ्याला माणूस कळतो या म्हणण्याला अलाबामाच्या त्या कचेरीने दिलेले उत्तर कागदोपत्री राहिले. कॅलिफोर्नियातही हाच धागा दिसतो. तिथे उघडपणे भरलेली बंदूक नेण्याला मनाई नव्हती. ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे तरुण बंदुका घेऊन ओकलंडच्या रस्त्यांवर पोलिसांच्या गाड्यांमागे फिरू लागले आणि २ मे १९६७ ला बॉबी सील यांच्या नेतृत्वाखाली सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले, तेव्हा काही महिन्यांत मलफर्ड कायदा मंजूर होऊन त्यावर गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची सही झाली. उघड वाट बंद झाली आणि लपवून नेण्याचा परवाना शेरीफच्या मर्जीवर राहिला.

या पार्श्वभूमीवर १९८७ च्या फ्लोरिडाकडे पाहावे. मॅरियन हॅमर या तिथल्या बंदूकधारकांच्या पुढारी होत्या आणि पुढे त्या रायफल असोसिएशनच्या अध्यक्षही झाल्या. त्यांच्या रेट्याने झालेल्या कायद्याने ६७ काउंट्यांच्या ६७ तऱ्हा मोडून एकच नियम आणला: वय पूर्ण, गुन्ह्याची शिक्षा नाही, प्रशिक्षण झालेले, शुल्क भरलेले, म्हणजे परवाना द्यावाच लागेल. कारण विचारायचे नाही. वॉशिंग्टन, जॉर्जिया, इंडियाना यांनी आधी असे केले होते, पण फ्लोरिडा मोठे राज्य, तिथून लाट उसळली. टेक्सासला त्यासाठी एक भयानक घटना पुरली. १६ ऑक्टोबर १९९१ ला किलीनच्या एका उपाहारगृहात एका माणसाने २३ जणांना मारले. सुझॅना हप यांचे आई-वडील त्यांच्या डोळ्यांसमोर गेले, आणि त्यांचे स्वतःचे रिव्हॉल्व्हर कायद्याच्या धाकाने बाहेर गाडीत ठेवलेले होते. त्यांनी राज्याराज्यांत साक्षी दिल्या. गव्हर्नर अॅन रिचर्ड्स यांनी १९९३ मध्ये विरोध केला आणि १९९५ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सही केली. यादवी युद्धानंतर १८७१ मध्ये आलेली टेक्सासची बंदी अशी संपली. पूर्ण बंदी असलेले एकच राज्य उरले होते, इलिनॉय. फेडरल अपील न्यायालयाने डिसेंबर २०१२ मध्ये तिथली सरसकट बंदी मोडली आणि जुलै २०१३ मध्ये १६ तासांच्या प्रशिक्षणाचा, पाच वर्षे चालणारा परवाना तिथेही आला.

या लाटेमागे बंदूक उद्योगाचे आणि त्याच्या संघटनांचे हितसंबंध होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. जास्त बंदुका म्हणजे कमी गुन्हे, असे सांगणारे जॉन लॉट यांचे संशोधन १९९७ पासून विधिमंडळांत वाटले गेले. राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००४ मध्ये ते पुरावे तपासून निष्कर्ष काढता येत नाही असे म्हटले. जॉन डोनोह्यू आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात तर असे कायदे केलेल्या राज्यांत दहा वर्षांनी हिंसक गुन्हे १३ ते १५ टक्क्यांनी जास्त दिसले. हे आकडे मी गंभीरपणे घेतो आणि लॉट यांचा दावा टिकत नाही असेच मला वाटते. तरी यातून जुनी मर्जी परत आणावी असे निघत नाही. रस्त्यावर बंदुका कमी हव्यात हे उद्दिष्ट असेल, तर अट कडक करावी, प्रशिक्षण वाढवावे, जागा ठरवाव्यात, पण ती अट सर्वांना सारखी लिहावी. संख्या कमी ठेवण्याचे काम एका अधिकाऱ्याच्या पसंतीवर सोपवले की ती पसंती कोणाच्या बाजूने झुकते, हे मिसिसिपीपासून न्यूयॉर्कपर्यंत दिसून आले आहे. न्यूयॉर्कच्या कायद्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा त्या कायद्याविरुद्ध बोलणाऱ्यांत ब्राँक्समधल्या गरिबांचे वकीलही होते. विनापरवाना हत्याराच्या आरोपाखाली त्यांच्याकडे येणारे अशील जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक आहेत, असे त्यांनी न्यायालयाला सांगितले. रायफल असोसिएशनशी त्यांचे काही देणेघेणे नव्हते.

फ्लोरिडाच्या नियमाने मर्जी संपवली, पण तिथेच थांबण्याची कोणाची तयारी नव्हती. व्हर्मॉंटमध्ये १९०३ च्या एका निकालापासून परवाना कधी लागलाच नाही, आणि ते लहान, शांत, शिकाऱ्यांचे राज्य असल्याने कोणी त्याकडे फार पाहिले नाही. अलास्काने २००३ मध्ये, अॅरिझोनाने २०१० मध्ये परवाना ऐच्छिक केला आणि मग रांग लागली. टेक्सास २०२१, ओहायो आणि जॉर्जिया २०२२, खुद्द फ्लोरिडा २०२३, लुइझियाना २०२४. ज्या लुइझियानाने १८१३ मध्ये लपवलेले हत्यार गुन्हा ठरवले, तिथे आता ते बाळगायला कोणाला विचारावे लागत नाही. या पायरीचे समर्थक एक चांगली आकडेवारी पुढे करतात. टेक्सासचा सार्वजनिक सुरक्षा विभाग परवानाधारकांना झालेल्या शिक्षांचे आकडे दरवर्षी छापतो आणि त्यांचे प्रमाण खरोखर फार कमी असते. त्यावरून ते म्हणतात की सज्जन माणसाला परवाना कशाला. पण आकडे नेमके उलटे सांगतात. ते आकडे आहेत चाळणीतून गेलेल्यांचे. चाळणी चांगली चालते, म्हणून ती फेकून द्या, हे तर्कशास्त्र मला पटत नाही, आणि टेक्सासातल्या पोलीस संघटनांनाही २०२१ मध्ये ते पटले नव्हते.

आता नूतनीकरणाकडे. परवान्याची मुदत न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात दोन वर्षे, न्यूयॉर्कच्या २०२२ च्या कायद्यानंतर तिथे तीन, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, युटा, इलिनॉयमध्ये पाच, फ्लोरिडात सात आणि इंडियानात हवा तर आजन्म. इलिनॉयमध्ये नूतनीकरणाला तीन तासांचा वर्ग करावा लागतो, कॅलिफोर्नियात २०२४ पासून आठ तासांचा. काही राज्यांत शुल्क आणि अर्ज एवढ्यावर भागते. वादविवादात हा भाग कटकट म्हणून बाजूला ठेवला जातो. मला तो परवान्याचा प्राण वाटतो. परवाना हे एका दिवशीच्या माणसाविषयीचे विधान असते. त्यानंतर घटस्फोट होतो, दारू वाढते, मारहाणीची तक्रार होते, हात कापू लागतो, दृष्टी जाते, कायदाही बदलतो. पहिल्या तपासणीत चूक झाली असेल तर ती दुसऱ्या तपासणीतच सापडू शकते. फ्लोरिडात परवाने कृषी विभाग देतो. तिथल्या एका कर्मचाऱ्याला संगणकावर लॉगिन होत नव्हते म्हणून २०१६-१७ मध्ये सुमारे वर्षभर राष्ट्रीय पार्श्वभूमी-तपासणीचे निकाल कोणी उघडून पाहिलेच नाहीत. नंतर फेरतपासणी झाली तेव्हा २९१ परवाने रद्द करावे लागले. नोंद होती म्हणून ती चूक दुरुस्त करता आली. यावर कोणी म्हणेल की युटात तर परवानाधारकांची नावे गुन्हेनोंदींशी रोज ताडून पाहिली जातात, मग पाच वर्षांनी फॉर्म भरायला लावण्यात काय हशील. ही पद्धत उत्तम आहे आणि सर्वत्र यावी. मात्र संगणकाला न्यायालयात नोंदले गेले तेवढेच कळते, नेम चुकू लागलेला हात कळत नाही. शिवाय ताडून पाहायला आधी नावांची यादी लागते. परवानाच नसलेल्या राज्यात यादी नाही, आणि रोज तपासायचे कोणाला हा प्रश्न तिथे उरतो.

एक गोष्ट मात्र वरवर पाहता चक्रावून टाकते. परवाना ऐच्छिक झालेल्या राज्यांतही लाखो लोक शुल्क भरून तो नव्याने करून घेतात. फेडरल कायद्यानुसार शाळेपासून एक हजार फुटांच्या आत बंदूक नेणे हा गुन्हा आहे आणि त्यातून सुटतो तो राज्याचा परवाना असलेला माणूस. विनापरवाना बाळगणारा टेक्सासचा नागरिक मुलांना शाळेत सोडायच्या रस्त्यावर टेक्सासचा कायदा पाळून फेडरल कायदा मोडत असतो. दुसरे कारण सीमेपलीकडचे: दुसरे राज्य मान्य करते ते कार्ड, नुसता हक्क नव्हे. तेही सर्व राज्ये करत नाहीत. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया दुसऱ्या कोणाचाही परवाना मानत नाहीत. इतकेच काय, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातला परवाना शहराच्या खास शेऱ्याशिवाय न्यूयॉर्क शहरात चालत नाही. देशभर एकच शस्त्र अधिनियम पाहण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकाला हे विचित्र वाटेल. त्याचे परिणाम मात्र खऱ्या माणसांना भोगावे लागतात. २०१३ च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाची एक आई न्यू जर्सीत वाहतूक पोलिसांनी अडवली. तिला आधी दोनदा लुटले गेले होते, म्हणून तिने रीतसर परवाना घेतला होता. तिने स्वतःहून पोलिसाला सांगितले की पर्समध्ये पिस्तूल आहे, हा परवाना. पेनसिल्व्हेनियाच्या त्या कागदाला डेलावेअर नदीच्या पलीकडे काही किंमत नव्हती. न्यू जर्सीच्या कायद्यात किमान साडेतीन वर्षांची कैद तिच्यापुढे उभी राहिली. एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी माफी दिली तेव्हा ती त्यातून पूर्णपणे सुटली. म्हणजे अखेर मर्जीनेच. त्याआधी २००५ मध्ये युटाच्या एका प्रवाशाचे नेवार्कला पुढचे विमान चुकले. बंदुकीची कुलूपबंद पेटी असलेले सामान घेऊन त्याने रात्र हॉटेलात काढली आणि सकाळी तीच पेटी नियमाने जाहीर करताना त्याला अटक झाली. काँग्रेसने १९८६ मध्ये प्रवाशांना संरक्षण देणारे कलम केले होते. २०१० मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की हॉटेलात पेटी त्याच्या हाताशी होती, म्हणून ते कलम लागू नाही.

राज्याराज्यांत गरजा वेगळ्या, मॉन्टानाच्या कुरणाला मॅनहॅटनचा नियम कसा लावायचा, हा संघराज्याचा युक्तिवाद मला अर्धा पटतो. कोठे बाळगायचे, भुयारी रेल्वेत की नाही, मद्यालयात की नाही, हे त्या त्या ठिकाणच्या लोकांनीच ठरवावे. पण कोण विश्वासाचा, हे राज्य बदलताच कसे बदलते? वाहनचालकाचा परवाना घटनेमुळे देशभर चालत नाही. राज्यांनी तो आपणहून मान्य केला, कारण डोळ्यांची आणि हाताची परीक्षा सगळीकडे होते हे त्यांना ठाऊक आहे. मान्यता भरवशावर मिळते. व्हर्जिनियाने हे एकदा करून दाखवले. डिसेंबर २०१५ मध्ये तिथल्या महाधिवक्त्यांनी २५ राज्यांचे परवाने नाकारण्याचे जाहीर केले, कारण त्यांच्या अटी व्हर्जिनियापेक्षा सैल होत्या. आरडाओरड झाली आणि जानेवारीत तडजोड निघाली: परवाने मान्य, पण घरगुती हिंसेप्रकरणी न्यायालयाचा कायम संरक्षण आदेश निघालेल्याने २४ तासांत बंदूक सोडायची. दोन्ही पक्षांनी काही दिले, काही घेतले. पुढे कोणी हा मार्ग धरला असता तर बरे झाले असते.

त्याऐवजी निर्णय न्यायालयात गेला. २३ जून २०२२ ला, बफेलो आणि युव्हाल्डीच्या हत्याकांडांना सव्वा महिना आणि एक महिना झालेला असताना, सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी न्यूयॉर्कची १९१३ ची अट रद्द केली. न्यायमूर्ती क्लेरन्स थॉमस यांनी कसोटी ठरवली ती इतिहासाची: आजच्या नियमाला जुना दाखला हवा. दाखल्यांसाठी जुने कायदे आणि निकाल चाळले गेले. निकालाशी मी सहमत आहे, कसोटीशी नाही. जो समाज चुगलखोराला बंदूक बक्षीस देत होता त्याच्या कायद्यांत आजच्या नियमांचे मोजमाप शोधायचे हे न्यायाला धरून नाही, आणि २०२४ मध्ये घरगुती हिंसेच्या खटल्यात त्याच न्यायालयाला आठ विरुद्ध एक मताने ती कसोटी सैल करावी लागली. मात्र २०२२ च्या निकालातली एक तळटीप आणि न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हॅना यांचे जोडमत फारसे वाचले जात नाही. लिखित नियमांवर चालणारी परवाना-पद्धत, तपासणी, बोटांचे ठसे, प्रशिक्षण, हे सगळे घटनेत बसते असे तिथे म्हटले आहे. फक्त प्रतीक्षा लांबवून किंवा शुल्क अवाच्या सवा लावून हक्क मारायचा नाही. न्यूयॉर्कने आठवड्याभरात केलेल्या नव्या कायद्यात १६ तास वर्ग, दोन तास गोळीबाराचा सराव आणि तीन वर्षांचे नूतनीकरण आहे. हा भाग मला योग्य वाटतो. अर्जदाराने आपली समाजमाध्यमांवरची खाती दाखवावीत ही अट मात्र जुन्या मर्जीचीच नवी वाट होती, आणि अपील न्यायालयाने ती रोखली.

देशभर चालणारा एक परवाना अमेरिकेत खरोखर आहे. २००४ च्या फेडरल कायद्याने सेवेतल्या आणि निवृत्त पोलिसांना कोणत्याही राज्यात लपवून हत्यार बाळगता येते. निवृत्तांसाठी त्यात अट अशी की गेल्या बारा महिन्यांत नेमबाजीची चाचणी उत्तीर्ण झालेली असली पाहिजे. तीस वर्षे गणवेशात काढलेल्या माणसालाही दरवर्षी परीक्षा, आणि त्या अटीवर न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया सर्वांना त्याचे हत्यार मान्य करावे लागते. सामान्य नागरिकांसाठी असेच काही करण्याचे प्रयत्न सिनेटमध्ये २००९ मध्ये ५८ मतांवर आणि २०१३ मध्ये ५७ मतांवर अडले, साठ लागत होती. ६ डिसेंबर २०१७ ला प्रतिनिधी सभेने २३१ विरुद्ध १९८ मतांनी परस्पर मान्यतेचे विधेयक मंजूर केले. त्यात चाचणी नव्हती, समान प्रशिक्षण नव्हते, मुदतीचा उल्लेख नव्हता. ज्याच्या राज्यात परवानाच लागत नाही, त्याने छायाचित्राचे ओळखपत्र दाखवले की तो टाइम्स स्क्वेअरमध्येही भरलेले पिस्तूल घेऊन उभा राहू शकला असता. सिनेटने ते मतदानाला घेतलेच नाही. २०२५ च्या जानेवारीत तसे विधेयक त्याच क्रमांकाने पुन्हा मांडले गेले.